गाडीला रिव्हर्स कॅमेरा जोडताना: वीज, चित्र आणि ट्रिगर

रिव्हर्स कॅमेऱ्याच्या जोडणीत तीन वेगळ्या वाटा असतात. पहिली, कॅमेऱ्याला लागणाऱ्या १२ व्होल्ट विजेची. दुसरी, कॅमेऱ्याकडून स्क्रीनकडे जाणाऱ्या चित्राची. तिसरी ट्रिगरची, म्हणजे ‘रिव्हर्स गिअर पडला, आता कॅमेरा दाखव’ असं स्क्रीनला सांगणाऱ्या वायरची. चित्र येत नाही म्हणून लोक कॅमेरा बदलतात आणि दोष ट्रिगरमध्ये निघतो. स्क्रीनच बिघडली असं समजतात आणि सैल निघते ती डिकीतली अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूला जोडलेली ऋण वायर. म्हणून या लेखात प्रत्येक वाट वेगळी तपासूनच पुढे जायचं आहे, आणि सगळं तपासून होईपर्यंत एकही पॅनेल कायमचं बंद करायचं नाही.

खरेदीआधी काय जुळतं ते बघा

सगळ्यात आधी स्क्रीनच्या पुस्तिकेत कॅमेरा इनपुट कोणत्या प्रकारचा आहे ते शोधा. जुना आणि अजूनही सर्रास चालणारा प्रकार म्हणजे सीव्हीबीएस, साधा ॲनालॉग व्हिडिओ, पिवळ्या आरसीए (टीव्हीला लावतात तशा गोल) पिनेचा. दुसरा एएचडी (ॲनालॉग हाय डेफिनिशन), यात ७२० किंवा १०८० ओळींचं स्पष्ट चित्र मिळतं. घोटाळा असा की दोन्हींची पिन सारखीच असते. एएचडी कॅमेरा फक्त सीव्हीबीएस ओळखणाऱ्या स्क्रीनला लावला, तर पिन व्यवस्थित बसते पण चित्र येत नाही. काही कॅमेऱ्यांना दोन्ही प्रकारांत बदलता येतं, तर काही स्क्रीनमध्ये प्रकार निवडायचा मेनू असतो. सीव्हीबीएसमध्येही पाल (सेकंदाला २५ चित्रं) आणि एनटीएससी (सुमारे ३०) असे दोन पोटप्रकार आहेत. ते जुळले नाहीत तर चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वरखाली सरकत राहतं.

स्क्रीन कंपनीने बसवलेली मूळचीच असेल, तर तिच्यामागे कॅमेऱ्याची मोकळी पिन असेलच असं नाही. अशा वेळी त्या मॉडेलसाठी बनवलेलं इंटरफेस मॉड्यूल लागतं. ते मिळतं का, हे कॅमेरा घेण्याआधीच बघा.

१७० अंशांचा कॅमेरा आकर्षक वाटतो, पण कोन जितका मोठा तितक्या कडा वाकतात आणि मागची वस्तू आहे त्याहून लांब दिसते. १३० ते १५० अंश बहुतेक गाड्यांना पुरतात. मोजमाप हवंच असेल तर अमेरिकेचा नियम उपयोगी पडतो. तिथे १ मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना मागचं दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे. गाडीच्या थेट मागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा दिसला पाहिजे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आलं पाहिजे. आपली जोडणी याच कसोटीवर तपासा.

वायरलेस कॅमेऱ्याबद्दल एक स्पष्ट मत. त्यालाही मागे वीज लागतेच, वाचते ती फक्त चित्राची केबल. बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्याच लहरींवर वायफाय आणि ब्लूटूथही असतात. चित्र क्षणभर गोठलं तर चालकाला ते कळत नाही. मागे जागा मोकळीच आहे असं वाटत राहतं. गोठलेलं चित्र हे चित्र नसण्यापेक्षा धोक्याचं. शक्य असेल तिथे केबलच टाका.

साहित्य

केबलची लांबी अंदाजाने घेऊ नका. सुतळी घेऊन नंबरप्लेटपासून डिकीच्या झाकणातून, बिजागराजवळून, खांबाच्या तळाशी, दारांच्या उंबऱ्याने, ग्लोव्ह बॉक्समागून स्क्रीनपर्यंत फिरवा आणि त्यात अर्धा मीटर मिळवा. लहान हॅचबॅकला साधारण ६ मीटर पुरते, लांब गाडीला ८ ते १० मीटर लागू शकते. केबलसोबत एक बारीक लाल वायर चिकटलेली असेल अशीच घ्या. ट्रिगरसाठी ती कामाला येते.

बाकी सामान: मल्टिमीटर, प्लॅस्टिकचे ट्रिम काढायचे चपटे पाने, वायर सोलायचा चिमटा, क्रिम्पिंग पक्कड, सोल्डरिंग आयर्न, हीट-श्रिंक नळी, कापडी हार्नेस टेप, झिप टाय, ०.५ चौरस मिमीची साधारण २ मीटर वायर, १ अँपिअर फ्यूज आणि त्याचं होल्डर, अर्थसाठी गोल टोकाची लग, आणि वायर ओढायला एक ताठ पण टोक गुंडाळलेली तार. काळी पीव्हीसी टेप मात्र या कामात वापरू नका. उन्हात तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो.

आधी गाडीतच, पण पॅनेल न उघडता चाचणी

केबल सीटांवरून सरळ मागून पुढे टाका. स्क्रीन बाहेर ओढून कॅमेरा, केबल आणि ट्रिगर तात्पुरते जोडा. कॅमेऱ्याला फ्यूजमधून १२ व्होल्ट द्या. चित्र आलं की तीन गोष्टी बघा: प्रकार जुळतो का, चित्र उलटंपालटं आहे का, आणि डावंउजवं बरोबर आहे का. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं हवं, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूची वस्तू स्क्रीनवरही डावीकडेच दिसली पाहिजे. पुढच्या बाजूला लावायच्या कॅमेऱ्याचं चित्र याच्या उलट असतं.

कॅमेऱ्याच्या वायरवर वायरीच्याच छोट्या एक-दोन कड्या असतात. एक कापली की चित्र आरशासारखं होतं किंवा सरळ होतं, दुसरी कापली की कॅमेऱ्याच्या रेषा, म्हणजे अंतर कळावं म्हणून चित्रावर आखलेल्या रंगीत रेषा, जातात. कोणत्या रंगाची कडी काय करते हे प्रत्येक उत्पादकागणिक बदलतं, त्यामुळे पुस्तिका बघूनच कापा. कापलेली दोन्ही टोकं वेगवेगळी झाका, नाहीतर ओलाव्याने ती एकमेकांना लागतात आणि महिन्याभराने चित्र अचानक पलटतं.

रिव्हर्सच्या दिव्याची वायर ओळखणं

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून अडसर, इग्निशन चालू. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून दांडा रिव्हर्समध्ये न्यावा लागतो, म्हणून पुढे एक माणूस बसवा. मागचा दिवा सोडवून सॉकेटच्या वायरी उघड्या करा. मल्टिमीटरची काळी तार गाडीच्या रंग नसलेल्या धातूवर ठेवा आणि लाल तार एकेका वायरीला लावा. फक्त रिव्हर्समध्ये १२ व्होल्ट दाखवणारी आणि गिअर काढताच शून्यावर येणारी वायर तुमची. मग मुद्दाम ब्रेक दाबा, इंडिकेटर लावा, पार्किंग लाइट लावा. यांपैकी कशानेही आकडा हलला तर वायर चुकीची आहे. रंगावर विसंबू नका.

आता इंजिन चालू करून रिव्हर्समध्ये पुन्हा मोजा. साध्या गाडीत १३.५ ते १४.४ च्या आसपास आकडा येतो. तो ८-९ वरच अडकला किंवा सारखा हलत राहिला, तर त्या गाडीत दिव्याला सरळ वीज मिळत नाही. कंट्रोल मॉड्यूल ती झटपट चालू-बंद करत पाठवतं. बल्बच्या तारेला ते कळतही नाही. कॅमेरा मात्र त्या प्रत्येक झटक्याला थांबतो आणि सुरू होतो, म्हणून चित्र लुकलुकतं. कॅमेरा बदलून हे जात नाही.

सरळ जोड की रिले?

कॅमेरा साधारण १०० ते २०० मिलिअँपिअर ओढतो. रिव्हर्सच्या दिव्याचा साधा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअरचा. त्यामुळे सरळ वीज असलेल्या जुन्या गाडीत दिव्याच्या वायरीवरूनच कॅमेऱ्याला वीज दिली तरी चालतं. जोडापासून १५ सेंटिमीटरच्या आत १ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि त्याच ठिकाणी केबलसोबतची लाल वायरही जोडा. तिचं दुसरं टोक स्क्रीनच्या ट्रिगरला.

इथे एक चूक वारंवार होते आणि ती महाग पडते. लाल वायरीचं पुढचं टोक ट्रिगरऐवजी स्टिरिओच्या एसीसी वायरीला, म्हणजे इग्निशनबरोबर चालू राहणाऱ्या वायरीला जोडलं जातं. मग वीज उलटी मागे जाते आणि गाडी पुढे चालतानाही रिव्हर्सचे दिवे पेटून राहतात. दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर. केसासारख्या त्या वायरीला ते झेपत नाही. तिचं आवरण पॅनेलखाली वितळतं. पुढच्या टोकाला काय जोडताय ते दोनदा वाचा.

लुकलुकणाऱ्या विजेच्या गाडीत, किंवा दिवे एलईडी असून जास्तीच्या भाराने डॅशबोर्डवर इशारा येत असेल तर, रिले (एका वायरीतल्या विजेने दुसऱ्या वायरीतली वीज चालू-बंद करणारा स्विच) वापरा. साध्या पाच पिनांच्या १२ व्होल्ट रिलेची जोडणी अशी:

८६ ला रिव्हर्सच्या दिव्याची वायर, ८५ ला अर्थ.
३० ला फ्यूजमधून आलेली एसीसी वीज.
८७ वरून कॅमेऱ्याचा लाल आणि स्क्रीनचा ट्रिगर.
८७ए मोकळी, झाकलेली.

वीज झटक्यांची असेल तर रिलेही थरथरतो. त्यासाठी ८६ च्या आधी १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मालिकेत लावा, पट्टा रिलेकडे. मग ८६ आणि ८५ मध्ये १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर, अधिक टोक ८६ कडे. दोन झटक्यांमधली पोकळी कपॅसिटर भरून काढतो आणि डायोड त्याला मागे दिव्यात रिकामा होऊ देत नाही. कपॅसिटर उलटा लावला तर फुगतो, म्हणून खूण बघूनच लावा. ३० ला लागणारी एसीसी वीज फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची वायर देणाऱ्या जोडाने) घ्या. कोणत्याही वायरीला चिमटा मारून टोचणारे कनेक्टर टाळा. ते तांब्याचे काही धागे कापतात आणि दमट जागेत वर्षभरात हिरवे पडतात.

अर्थ

अर्धी गाऱ्हाणी अर्थपाशी संपतात. डिकीतला, गाडीच्या बॉडीला थेट बसलेला एखादा बोल्ट निवडा, खालचा रंग पॉलिश पेपरने नाण्याएवढा खरवडा, लग बसवून घट्ट आवळा आणि वर गंजरोधक लावा. प्लॅस्टिकच्या क्लिपचा स्क्रू किंवा रंगावर टेकलेली लग म्हणजे अर्थ नव्हे. झाकणावर अर्थ घेऊ नका. त्याची वाट बिजागरातून जाते आणि बिजागरात ग्रीस असतं. कॅमेरा चालू असताना लग आणि दुसरा स्वच्छ धातू यांच्यात मल्टिमीटर धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पुन्हा खरवडा.

कॅमेरा बसवणं

नंबरप्लेटच्या वरची मधली जागा बहुतेकदा उत्तम. थोडं बाजूला सरकवावं लागलं तर सरकवा, पण रेषा त्याप्रमाणे जुळवाव्या लागतील. नंबरप्लेटचा आकडा किंवा तिचा दिवा झाकला जाता कामा नये. कोन असा ठेवा की स्क्रीनच्या तळाशी बंपरची कड बारीक पट्टीसारखी दिसेल. बंपर दिसला की अंतराचा अंदाज डोळ्याला आपोआप येतो. तो अजिबात दिसत नसेल तर गाडीचा शेवट कुठे आहे हेच कळत नाही.

नंबरप्लेटच्या दिव्याच्या भोकातून वायर आत नेता आली तर भोक पाडूच नका. पाडायचंच असेल तर आधी आतून बघा: पत्र्यामागे वायरी, लॉकची दांडी किंवा मोटर नाही ना. वरून मास्किंग टेप लावा, २ मिमीने सुरुवात करून पायरीच्या ड्रिलने मोठं करा. कानशीने कड साफ करा, उघड्या पत्र्याला प्रायमर द्या, तो वाळू द्या आणि मगच रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं कडं) बसवा. प्रायमर टाळला तर पुढच्या पावसाळ्यात गंजाचा ओघळ नंबरप्लेटवर उतरतो. बाहेरच्या वायरीला भोकाखाली एक झोळ द्या. पाणी वायरीवरून खाली उतरतं आणि झोळाच्या तळाशी गळून जातं, आत शिरत नाही. कॅमेरा जलरोधक असला तरी त्याचा जोड बहुधा नसतो; तो नेहमी पत्र्याच्या आतल्या बाजूला.

झाकणापासून स्क्रीनपर्यंत

कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे डिकीचं झाकण आणि गाडी यांच्यातली रबरी सुरकुतीची नळी. घाई केली तर इथेच वायर तुटते. नळी दोन्ही टोकांनी सोडवा, आत साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा, ताठ तार आधी एकटी पलीकडे काढा, मग आरसीए पिन तारेला निमुळत्या आकारात टेपने बांधून हळू ओढा. पिन जाड असेल तर नळीत केबलची आणि कॅमेऱ्याची पिन एकाच जागी आणू नका. वायर नळीच्या बाहेरून, फटीतून नेली तर झाकण प्रत्येक वेळी बंद होताना ती चिरडतं आणि सीलमधून पाणी आत येतं. ओढून झाल्यावर झाकण पूर्ण उघडा. त्या स्थितीतही वायर सैल असली पाहिजे.

आता बॅटरीचं ऋण टोक सोडवा. काही स्टिरिओ त्यानंतर कोड मागतात, तो आधीच हाताशी ठेवा.

गाडीत केबल खालून न्या, दारांच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून. छताकडून नेऊ नका. खांबांच्या वरच्या भागात आणि छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतात. त्यांच्या पुढून गेलेली वायर एअरबॅग उघडताना अडते. पिवळ्या आवरणाचे कनेक्टर एअरबॅगचे, ते काढूच नका. ते सुटलेले असताना इग्निशन चालू झालं तर इशारादिवा पेटून राहतो आणि तो पुसायला स्कॅनर लागतो. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत नारिंगी आवरणाच्या केबलपासून लांब राहा, त्यात विजेचा जीवघेणा दाब असतो.

उंबऱ्याखाली आधीच एक मोठा हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) असतो. चित्राची केबल त्याला चिकटवून लांबवर नेऊ नका, शक्य तर दुसऱ्या बाजूने न्या. दर ३० सेंटिमीटरला कापडी टेपने बांधा म्हणजे खडखडणार नाही. उरलेली केबल गोल वेटोळं करून ठेवू नका; लांब घड्या घालून ग्लोव्ह बॉक्समागे बांधा. सीटबेल्टच्या रिळापासून आणि पेडलपासून केबल दूर हवी.

स्क्रीनमागे कॅमेऱ्याची पिन ‘कॅमेरा इन’ लिहिलेल्या इनपुटला. शेजारी अनेकदा ‘व्हिडिओ आउट’ असतं आणि पिन तिथेही तितकीच छान बसते. ट्रिगरच्या वायरीवर बहुधा ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ अशी चिठ्ठी असते. मग बॅटरीचं टोक पुन्हा जोडा आणि मेनूत जाऊन कॅमेरा चालू करा, इनपुटचा प्रकार निवडा. ट्रिगरची ध्रुवता विचारली तर ‘बॅटरी’ किंवा ‘हाय’ निवडा, कारण आपण तिला १२ व्होल्ट देत आहोत.

बिघडलं तर

रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन बदलतेय का, हा पहिला प्रश्न. बदलत नसेल तर कॅमेऱ्याकडे बघूही नका. स्क्रीनमागच्या ट्रिगरवर १२ व्होल्ट येतात का तेवढं मोजा, मग मेनू बघा. स्क्रीन बदलते पण ‘सिग्नल नाही’ असं येतं, तर कॅमेऱ्याच्या पिनेवर वीज आणि अर्थ मोजा. दोन्ही ठीक असतील तर केबल किंवा प्रकार न जुळणं. कॅमेऱ्याला दुसरी लहान केबल लावून बघितली की केबलचा संशय दोन मिनिटांत मिटतो.

आडवे पट्टे सरकत असतील तर इंजिनाचा वेग वाढवून बघा. वेगाबरोबर पट्टे बदलले तर दोष अर्थचा. कॅमेऱ्याची अर्थ मागे गाडीच्या बॉडीला आणि चित्राच्या केबलची जाळी पुढे स्क्रीनला, अशा दोन वाटा झाल्या की त्या जाळीतून अल्टरनेटरचा आवाज वाहतो. मागची अर्थ सोडा आणि स्क्रीनच्या अर्थपासून वेगळी वायर कॅमेऱ्यापर्यंत न्या. लुकलुकणं वेगाबरोबर बदलत नसेल तर वर सांगितलेली झटक्यांची वीज, उपाय रिले.

रिव्हर्स टाकताच फ्यूज उडतो, तेव्हा वायर बहुतेक भोकाच्या कडेला किंवा झाकणाच्या नळीत सोललेली असते. मोठा फ्यूज घालून बघू नका. काचेच्या आत बाष्प दिसलं तर कॅमेऱ्याचं सील गेलं. तो उघडून वाळवला तरी पुन्हा धरतो. रात्री चित्र अंधारं असेल तर आधी रिव्हर्सच्या दिव्यांच्या काचा आणि सॉकेट बघा. कॅमेऱ्याभोवतीच्या छोट्या एलईडी जेमतेम बंपरपुरत्या असतात.

रेषा जुळवणं

कॅमेऱ्याच्या आणि स्क्रीनच्या रेषा एकाच वेळी चालू ठेवू नका. स्क्रीनच्या ठेवा, कारण त्या हलवता येतात. सपाट जागेवर गाडी सरळ उभी करा. बंपरपासून अर्धा, १ आणि २ मीटरवर, गाडीच्या रुंदीएवढ्या चिकटपट्ट्या जमिनीवर लावा आणि लाल, पिवळी, हिरवी रेषा त्यांवर आणून बसवा. नेहमीइतकी माणसं किंवा सामान गाडीत असताना हे करा, कारण मागची बाजू दबली की कॅमेऱ्याचा कोन बदलतो.

या रेषा जमिनीपुरत्याच खऱ्या आहेत. जमिनीपासून वर, आपल्या गाडीकडे पुढे आलेली वस्तू, जशी ट्रकची फळी, उघडी डिकी किंवा आडवी फांदी, कॅमेऱ्याला तिच्या मागच्या जमिनीवर पडलेली दिसते. ती हिरव्या रेषेपलीकडे दिसत असतानाच प्रत्यक्षात काचेला टेकायला आलेली असू शकते. अशा जागी दोन्ही बाजूचे आरसे आणि मागे वळून बघणं यालाच धरून गाडी मागे घ्या.